पहिलं विमान जुनंच घ्या, पण पडून राहिलेलं नको

पहिलं सोलो उड्डाण झालं की त्याच आठवड्यात जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी वैमानिकाला एक आजार जडतो. लक्षणं अशी: रात्री जेवणं झाली की माणूस लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो, ट्रेड-अ-प्लेन आणि बार्नस्टॉर्मर्सवरच्या जाहिराती उघडतो, आणि दीड वाजता झोपायला जातो तेव्हा कॅन्ससमधल्या कुणा अनोळखी गृहस्थाच्या १९६७ सालच्या सेसनाचे इंजिनाचे तास, रेडिओचं मॉडेल आणि सीटच्या कापडाचा रंग त्याला तोंडपाठ झालेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या स्टँडअपला डोळे लाल.

अमेरिकेत आयटीत काम करणाऱ्या आणि शनिवार-रविवारी विमान शिकणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये ही साथ सध्या बऱ्यापैकी आहे. इथे न्यू जर्सीत माझ्या ओळखीतच चौघं आहेत. त्यातल्या एकाने मागच्या महिन्यात फोन केला, "अरे, एक सिरसचं एसआर२२ बघितलंय. जुनं आहे, पण काय दिसतं यार! घेऊ का?" त्याचे तेव्हा एकूण तास होते २६. फोनवर मी जे बोललो त्याला संताप म्हणतात, मत म्हणत नाहीत. मत खाली लिहितोय.

आधी हिशोब मांडू, म्हणजे हौस किती आणि गरज किती ते वेगळं काढता येईल.

समजा सेसना १५० घेतलं. दोन सीटचं, सगळ्यात साधं. बऱ्या अवस्थेतल्याला ४०,००० डॉलर धरू. उघड्यावर दोरांनी बांधून ठेवायच्या जागेचं भाडं महिन्याला १५०, म्हणजे वर्षाला १,८००. विमा १,२००. वार्षिक तपासणी आणि त्यात हमखास निघणारी किरकोळ कामं २,५००. झाले ५,५००. विमान उडो न उडो, हे द्यायचेच. आता तासाचा खर्च. तासाला ६ गॅलन इंधन, गॅलनला ७ डॉलर धरले तर ४२. ऑइल वगैरे ३. इंजिन १,८०० तासांनी पूर्ण उघडायची शिफारस असते, त्यासाठी २७,००० साठवायचे तर तासाला १५. बेरीज ६०.

म्हणजे वर्षात १०० तास उडालात तर तासाला ११५ डॉलर. ६० तास उडालात तर १५२. आणि ३० तासच उडालात तर २४३! दोन सीटचं विमान भाड्याने तासाला १५० ला मिळत असेल, तर ६१ तासांना बरोबरी होते. त्या ४०,००० डॉलरवर बँकेत ४ टक्के मिळाले असते तेही धरलं, तर ७९ तासांना. (आकडे माझ्या आजूबाजूचे आहेत. तुमच्याकडचे घालून बघा, एक्सेल सगळ्यांनाच येतं.)

आता यातली गोम बघा. खासगी परवान्यासाठी एफएएचा नियम किमान ४० तासांचा, पण नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना साठ-सत्तर सहज लागतात. म्हणजे शिकण्याच्या वर्षात हिशोब साधारण जुळतो. परवाना मिळाल्यावर मात्र इन्स्ट्रक्टरचा तगादा संपतो, दर शनिवारची सवय मोडते, घरचे म्हणतात आता झालं ना, आणि तास वीस-तीसवर येतात. मग ते विमान विमानतळावर उभं राहतं आणि तासाला अडीचशेचं होतं. त्यामुळे माझं पहिलं मत असं की, सलग सहा महिने दर आठवड्याला उडालेला नसाल तर जाहिराती बघायच्या, चेकबुक काढायचं नाही. सोलोच्या आधी तर नाहीच. त्याआधी सोडून देणारे कितीतरी असतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पैशाच्या पलीकडे एक कारण आहे आणि मला ते जास्त पटतं. भाड्याचं विमान आज हे, उद्या ते. एकाचा रेडिओ खरखरतो, दुसऱ्याचं इंधनाचं मीटर खोटं बोलतं, तिसरं नेमकं तुमच्या वेळेला दुरुस्तीला. स्वतःच्या विमानाचा आवाज कानाला ओळखीचा होतो. इंजिन पन्नास आरपीएमने जरी वेगळं फिरलं तरी कळतं. शिकताना ही गोष्ट फार मोलाची आहे. शिवाय भाड्याने देणाऱ्याच्या विमानाला दर १०० तासांनी तपासणी लागते. विमान तुमचं आणि इन्स्ट्रक्टर फक्त शिकवायला येत असेल तर ती लागत नाही, वर्षातून एकदाची पुरते.

असो. घ्यायचं ठरलं, तर काय घ्यायचं?

नवख्या माणसाला पहिला धक्का बसतो तो विमानांच्या वयाचा. गाडी दहा वर्षांची झाली की आपण नाक मुरडतो, आणि इथे पन्नास वर्षांच्या विमानाला लोक 'छान ठेवलंय' म्हणतात. यामागे एक गोष्ट आहे. १९७८ साली अमेरिकेत १७,००० हून जास्त छोटी-मोठी खासगी वापराची विमानं तयार झाली. १९९४ साली तो आकडा हजाराच्याही आत होता. मधल्या काळात बाजारात मंदी आली, आणि त्याबरोबर खटलेही आले. तीस वर्षांपूर्वी बनवलेलं विमान पडलं तरी कारखानदारावर दावा ठोकता यायचा, त्यामुळे विम्याचा बोजा इतका वाढला की सेसनाने १९८६ साली पिस्टन इंजिनाची एक-इंजिनी विमानं बनवणंच बंद केलं. १९९४ साली क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. १८ वर्षांपेक्षा जुन्या छोट्या विमानासाठी कारखानदाराला कोर्टात खेचता येणार नाही, असा तो कायदा. त्यानंतर सेसनाने कॅन्ससमध्ये इंडिपेन्डन्स नावाच्या गावात नवा कारखाना काढला आणि १७२ परत बनू लागलं. पण आजचं नवीन १७२ चार लाख डॉलरच्या वर जातं. त्यामुळे तुमच्या-माझ्यासारख्याचा बाजार म्हणजे साठ आणि सत्तरच्या दशकातला माल. त्याला पर्याय नाही, आणि घाबरण्याचंही कारण नाही. अ‍ॅल्युमिनियमला वय नसतं, त्याला गंज आणि थकवा असतो, आणि दोन्ही शोधता येतात.

या मालात विद्यार्थ्याने बघण्यासारखी खरं तर तीनच नावं आहेत. सेसना १५० आणि त्याचा धाकटा भाऊ १५२, पायपर चेरोकी १४०, आणि सेसना १७२. बाकीची वाईट आहेत असं नाही. पण या तिघांची संख्या प्रचंड आहे. १५० तेवीस हजारांवर बनली, १७२ तर चव्वेचाळीस हजारांवर. म्हणजे कुठल्याही खेड्यातल्या विमानतळावरच्या मेकॅनिकने ती उघडलेली असतात आणि पार्ट सगळीकडे मिळतात. आपल्या भाषेत सांगायचं तर कम्युनिटी सपोर्ट उत्तम. एखादं दुर्मिळ, देखणं, फ्रेंच बनावटीचं विमान घेऊन त्याच्या चाकाच्या एका सीलसाठी दोन महिने थांबायचं असेल तर तुमची मर्जी.

१५० चं दुखणं एकच. वजन. त्याचं जास्तीत जास्त वजन १,६०० पौंड. रिकामं विमान, रेडिओबिडिओ धरून, साधारण १,०८० भरतं. उरले ५२०. टाकी पूर्ण भरली तर २६ गॅलन, गॅलनला ६ पौंड, म्हणजे १५६. राहिले ३६४ पौंड, म्हणजे १६५ किलो. माझं वजन ७८ आणि माझे इन्स्ट्रक्टर ९५. झाले १७३. आठ किलो जास्त, आणि अजून बॅग ठेवलेली नाही. म्हणजे दर वेळी तीन-चार गॅलन कमी घेऊन निघायचं. सरावासाठी हे चालतं, उलट वजनाचं गणित रोज करायची सवय लागते. पण तुम्ही आणि तुमचे इन्स्ट्रक्टर दोघंही भरभक्कम असाल तर १५० विसरा. जवळजवळ जमतंय म्हणून तसंच निघू, असं करायची ही जागा नाही. १०० हॉर्सपॉवरचं इंजिन, जुलैतली दुपार आणि रनवेच्या टोकाला झाडं, याचा अर्थ ती झाडं बघितल्याशिवाय कळत नाही.

याच गणितावरून १७२ बद्दलचा मोठा गैरसमज काढून टाकतो. त्याला चार सीट आहेत. म्हणजे चार माणसं बसतात असं नाही! सत्तरच्या दशकातलं १७२ घ्या: जास्तीत जास्त वजन २,३००, रिकामं साधारण १,४३०, उरले ८७०. टाकी भरली की अडीचशे गेले. राहिले ६२० पौंड, म्हणजे २८० किलो. चार प्रौढ माणसं ७५ किलोंची धरली तर ३०० इथेच झाले, सामान वेगळं. गावाकडच्या सहा आसनी टमटममध्ये चौदा जण बसतात आणि टमटम चालते, कारण तिला फक्त चालायचं असतं.

तरी बहुतेक लोक १७२ च घेतात, कारण त्यांच्या डोक्यात पुढची सहल असते. बायको, मुलगा, कधी भारतातून आलेले आईबाबा, आणि खाली निळा अटलांटिक. मित्रहो, ती सहल वर्षातून दोनदा होणार आहे. बाकीचे पन्नास शनिवार तुम्ही आणि इन्स्ट्रक्टर दोघंच घरच्या विमानतळाभोवती गोल-गोल फिरणार आहात. त्या दोन दिवसांसाठी १७२ भाड्याने मिळतं. पन्नास दिवसांसाठी विमान घ्यावं. 'शेवटचं विमान पहिल्यांदाच घ्या' असा एक सल्ला तिकडचे जुने लोक देतात, विकत घेण्या-विकण्यातला खर्च वाचतो म्हणून. तो अनुभवी माणसाला ठीक आहे. ज्याला आपण पुढच्या वर्षी उडणार की नाही हेच माहीत नाही त्याला शेवटचं विमान कुठून कळणार?

वजनाची अडचण असेल तर माझं मत चेरोकी १४० ला. १५० हॉर्सपॉवर, दोन माणसं आणि भरपूर इंधन आरामात, स्टॉलमध्ये गरीब स्वभावाचं, आणि १७२ पेक्षा बरंच स्वस्त. पंख खाली असल्याने इंधन भरायला शिडी लागत नाही. दार एकच, तेही उजवीकडे, त्यामुळे विद्यार्थ्याने आधी आत सरकायचं आणि इन्स्ट्रक्टरने मागून यायचं, हे जरा लग्नातल्या पंगतीसारखं वाटतं, पण सवय होते. एक गोष्ट मात्र घेण्याआधी बघाच. २०१८ साली फ्लोरिडात डेटोना बीचला याच कुटुंबातल्या पायपर अ‍ॅरो जातीच्या एका प्रशिक्षण विमानाचा पंख हवेत तुटला आणि दोघं गेले. पंखाच्या मुख्य तुळईच्या बोल्टच्या भोकात थकव्याची चीर होती. त्यानंतर एफएएने या कुटुंबातल्या बऱ्याच मॉडेलांना ठरावीक तासांनंतर ती जागा तपासायचा हुकूम काढला. तुमच्या विमानाला तो लागू होतो का, लागू असेल तर तपासणी झाली का, याची नोंद कागदावर दिसली पाहिजे. तोंडी नको. सेसनालाही असाच एक जुना हुकूम आहे, सीटच्या रुळाचा. रूळ झिजले की टेकऑफला नाक वर होताच सीट मागे घसरते आणि पायलट दांडा धरून मागे जातो. ऐकायला गंमत वाटते, प्रत्यक्षात माणसं मेली आहेत.

आता सिरस. मित्राच्या घरी गेलो तेव्हा कळलं की त्याचा हट्ट मुळात दिसण्याचा नव्हता. वहिनींनी अट घातली होती: पॅराशूट असेल तर विमान, नाहीतर नाही. आणि ही अट अजिबात बावळट नाही, उलट घरातल्या चर्चेत तेवढा एकच मुद्दा अभियांत्रिकीचा होता. सिरसला सबंध विमान खाली उतरवणारं पॅराशूट असतं, २००२ साली ते पहिल्यांदा खऱ्या अडचणीत वापरलं गेलं आणि पायलट वाचला, तेव्हापासून शेकडो माणसं त्याने वाचवली आहेत.

पण त्याच सिरसचा सुरुवातीच्या वर्षांतला अपघातांचा इतिहास काही भूषणावह नव्हता. पॅराशूट होतं, पण लोक ते ओढत नव्हते. आपण सावरू, अजून थोडं बघू, असं करत जमीन यायची. पुढे सिरसच्या मालकांच्या संघटनेने आणि कंपनीने शिकवण्याची पद्धतच बदलली, 'शंका आली की ओढा' हे डोक्यात बिंबवलं, तेव्हा मृत्यू कमी झाले. म्हणजे वाचवलं ते पॅराशूट आणि प्रशिक्षण या जोडीने. शिवाय जमिनीपासून पाच-सहाशे फुटांच्या खाली त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि विद्यार्थ्याचा निम्मा वेळ तर टेकऑफ-लँडिंगमध्येच जातो. एसआर२२ ला ३१० हॉर्सपॉवर आणि वेग १७० नॉटच्या वर. २६ तासांच्या माणसाचा मेंदू त्या विमानाच्या दोन मैल मागे असतो. दर १० वर्षांनी ते पॅराशूट बदलावं लागतं, त्याचं बिल वेगळं. जुनं एसआर२२ स्वस्त दिसतं तेव्हा ती तारीख जवळ आलेली आहे का ते आधी बघायचं.

वहिनींना मी एक उदाहरण सांगितलं, कारण ते आमच्याच राज्यातलं आहे. १९९९ च्या जुलैमध्ये धाकटे जॉन केनेडी न्यू जर्सीच्या फेअरफील्डमधल्या एसेक्स काउंटी विमानतळावरून पायपर साराटोगा घेऊन निघाले. बायको आणि मेहुणी बरोबर. आधी त्यांच्याकडे सेसना १८२ होतं. हे मोठं, वेगवान विमान घेऊन तीन महिनेही झाले नव्हते. एकूण अनुभव साधारण ३१० तास, म्हणजे माझ्या मित्राच्या दहापटीहून जास्त. रात्र, समुद्र, धुरकट हवा, क्षितिज दिसेनासं झालं, आणि मार्थाज व्हिनयार्डजवळ विमान पाण्यात गेलं. तपासात विमानात दोष सापडला नाही. दिशाभान हरपणं हे कारण निघालं. तिथे उत्तर होतं ते त्या रात्री न निघणं, किंवा शेजारी इन्स्ट्रक्टर बसवणं. त्यामुळे वहिनींना माझं म्हणणं इतकंच, की अट बदला. पहिलं वर्ष फक्त दिवसा, फक्त स्वच्छ हवेत, आणि १०० तास होईपर्यंत कुणालाही बरोबर न्यायचं नाही. हे सगळं १०० नॉटने जाणाऱ्या विमानात. सिरस शिकायचंच असेल तर परवान्यानंतर भाड्याने, त्यांच्याच पद्धतीने शिकून. त्या विचार करतो म्हणाल्या. मित्र गप्प बसला होता :-)

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच आयटीवाल्यांना खरा फायदा आहे. जुनं विमान घेणं म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला पन्नास वर्षांचा कोड ताब्यात घेणं. लिहिणारे निघून गेलेत, डॉक्युमेंटेशन अर्धवट आहे, पण कमिट हिस्टरी आहे. तिला इथे लॉगबुक म्हणतात. विमानाचं वेगळं, इंजिनाचं वेगळं. रंग, सीट, नवा स्क्रीन हे सगळं फ्रंटएंड. किंमत ठरते ती लॉगबुकात. ते पहिल्या दिवसापासून सलग आहे का? मधलीच सहा वर्षं गायब आहेत का? पंखाच्या टोकाची दुरुस्ती १९८१ साली का करावी लागली? मोठ्या बदलांचे एफएएचे फॉर्म जोडलेत का?

आणि त्यात एक नोंद शोधायची, वर्षाला किती तास उडालं. इथे गाडीचं शहाणपण उलटं पडतं. 'इंजिन फक्त २०० तासांचं' अशी जाहिरात वाचली की जीभ सुटते. नीट बघितलं तर ओव्हरहॉल १९९८ सालचं असतं. म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांत २०० तास, वर्षाला सात-आठ. याचा अर्थ ते इंजिन बहुतेक काळ थंड, दमट हवेत उभं होतं. लायकमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला, क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन बंद झालं की त्याच्यावरचं ऑइल हळूहळू खाली निथळतं आणि उघड्या पोलादाला गंज धरतो. मग कधीतरी इंजिन सुरू झालं की तो गंज कॅमचा पृष्ठभाग खरवडतो, आणि ते बाहेरून काहीच दिसत नाही. कॉम्प्रेशन टेस्ट झकास येते, कारण ती सिलेंडरची परीक्षा आहे, कॅमची नाही. १५० मधल्या कॉन्टिनेंटल ओ-२०० ला कॅमशाफ्ट खाली असतो म्हणून तो थोडा सुटतो, पण सिलेंडरच्या आतल्या भिंती तिथेही गंजतातच. म्हणून १,४०० तास झालेलं, पण दर आठवड्याला उडणारं इंजिन मी २०० तासांच्या झोपलेल्या इंजिनापेक्षा आधी घेईन. फक्त नव्या इंजिनाचे पैसे किमतीतून वजा करून. खासगी वापरात तासांची मर्यादा ही शिफारस असते, सक्ती नाही. चांगलं चालतंय तोवर चालवता येतं.

ही सगळी तपासणी करणारा मेकॅनिक तुमचा हवा. विकणाऱ्याचा नको, आणि ज्याने गेली दहा वर्षं त्याच विमानाला सही दिली तो तर नकोच. कुणीही स्वतःच्या पुल रिक्वेस्टला स्वतः अप्रूव्ह करत नाही. बोरोस्कोप घालून सिलेंडर आतून बघायचे, ऑइल फिल्टर असेल तर कापून त्यात धातूचे कण आहेत का बघायचं, पंखाची झाकणं उघडून गंज बघायचा. हजार-दीड हजार डॉलर लागतील. ते देऊन 'नको घेऊ' असं उत्तर आलं तर पैसे वसूल झाले असं समजायचं. विमानावर कुणाचं कर्ज वा बोजा आहे का हे ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या नोंदणी कार्यालयाच्या रेकॉर्डमधून काढता येतं, तेही काढायचं.

न्यू जर्सीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांभोवतीच्या ३० सागरी मैलांत एडीएस-बी लागतंच. नूअर्क, जेएफके आणि लाग्वार्डिया यांची वर्तुळं एकमेकांवर टाकली की एडिसन, ब्रिजवॉटर सगळं त्यात येतं. ओहायोतल्या शेतातल्या पट्टीवरचं स्वस्त १५० याशिवाय असू शकतं, ते बसवायचे काही हजार किमतीत धरा. आणि इंधन: १०० एलएल या शिशाच्या पेट्रोलला अमेरिकेत २०३० अखेरपर्यंत निरोप द्यायचं ठरलंय. कमी कॉम्प्रेशनच्या ओ-२०० ला याची फारशी चिंता नाही, त्याला तर परवानगी काढून गाडीचं पेट्रोलही चालतं. फक्त ते इथेनॉल नसलेलं लागतं, आणि आपल्या कोपऱ्यावरच्या पंपावर इथेनॉल असतंच. त्यामुळे तो आनंद कागदावरच.

ऑक्टोबर २०२५ पासून आणखी एक दार उघडलंय. स्पोर्ट पायलटला पूर्वी १,३२० पौंडांपर्यंतचीच विमानं उडवता यायची, त्यात १५० सुद्धा बसत नव्हतं. आता वजनाऐवजी स्टॉलचा वेग बघतात, त्यामुळे १५०, चेरोकी, १७२ सगळी बसतात. स्पोर्टचा परवाना करणाऱ्याने केवळ नियमात बसावं म्हणून एर्कूप किंवा जुन्या चॅम्पला जास्त पैसे मोजायची गरज उरली नाही.

इथवर वाचून ज्यांनी कॅल्क्युलेटर काढला असेल आणि जे एच-१बी वर आहेत, त्यांना एक सांगायला हवं. विमान तुमच्या नावावर होत नाही. शिकता येतं. नागरिक नसलेल्यांना टीएसएची परवानगी काढावी लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात, पण शिकता येतं, परवाना मिळतो. नोंदणी मात्र अमेरिकी नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डवाल्याच्या नावावरच होते, आणि चौघांनी मिळून नावावर करायचं तर त्या प्रत्येकाला ही अट. मुळं १९२६ च्या एअर कॉमर्स कायद्यात आहेत. तेव्हा परक्याच्या हातातलं विमान हा देशाच्या संरक्षणाचा प्रश्न असेल, समजू शकतो. पण आज याच व्हिसावर मला सहा लाख डॉलरचं घर तीस वर्षांच्या कर्जावर घेता येतं, आणि १९६८ सालचं १०० हॉर्सपॉवरचं १५० घेता येत नाही, जे मला भाड्याने मात्र रोज उडवता येतं. हा नियम कुणाचं काय रक्षण करतो हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग किती लांब आहे ते इथे सांगत बसत नाही.

एक वाट आहे, ट्रस्टची. अमेरिकी नागरिक विश्वस्त कायदेशीर मालक होतो, तुम्ही लाभार्थी. मोठ्या विमानांसाठी ती रुळलेली आहे. पण ४०,००० च्या विमानासाठी ट्रस्टची दरवर्षीची फी, विमा कंपनीला समजावणं आणि कागदांचा पसारा हे माझ्या मते परवडत नाही. त्यापेक्षा फ्लाइंग क्लब. वीस-पंचवीस सभासद, दोन विमानं, मासिक वर्गणी आणि तासाचा दर. मालकीत वाटा असलेल्या क्लबात हाच नियम आडवा येऊ शकतो, म्हणून सभासद होण्याआधी नियमावली वाचा. जिथे फक्त वापराचा हक्क मिळतो तिथे अडचण येत नाही. मी तसाच एक बघून ठेवलाय. भारतातल्या मित्रांना हे रडगाणं श्रीमंती थाटाचं वाटेल, आणि ते बरोबरच आहे. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी स्वतः विमान बांधलं, २०१६ साली मेक इन इंडियात ते लोकांनी बघितलं, आणि नोंदणीचा कागद हातात पडायला २०१७ उजाडलं. त्यांच्यापुढे आमचा टीएसएचा फॉर्म म्हणजे काहीच नाही.

मित्र शाळेत असताना आईवडिलांबरोबर इकडे आला, त्यामुळे त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे. एसआर२२ ची जाहिरात त्याने बंद केली. आता पेन्सिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ एक १९६८ चं १५० आहे. मालक निवृत्त शिक्षक, वर्षाला ७० तास उडतात, लॉगबुकं पहिल्या पानापासून आहेत म्हणतात, एडीएस-बी बसवलेलं आहे, रंग अगदीच गेलेला. मेकॅनिक शनिवारी सकाळी नऊला मोकळा आहे. सिलेंडर तो बघेल, लॉगबुकं मी वाचणार आहे, आणि रंगाबद्दल मित्राने एक शब्द बोलायचा नाही असं ठरलंय.